सपाट डोंगरावरची हाक

मी शाळेत भूगोल शिकवते. भूरूपांचा धडा आला की दरवर्षी फळ्यावर पट्टी लावून डोंगर काढते. दोन तिरक्या रेघा आणि वर एक आडवी सरळ रेघ. मुलं हसतात. पट्टीनं काढलेला डोंगर त्यांना मान्य नसतो. त्यांच्या चित्रकलेच्या वहीत डोंगर टोकदार असतात, दोन टोकांच्या मधून सूर्य उगवतो, खाली नदी असते आणि नदीत होडी. भोकरदनच्या पोरांनी टोकदार डोंगरही पाहिलेला नसतो आणि होडीही. मी म्हणते, खिडकीतून उत्तरेला बघा. तिकडे अजिंठ्याच्या रांगेतले डोंगर दिसतात, सगळे वरून विळीनं कापल्यासारखे. पोरं बघतात आणि परत वहीत टोकं काढतात.

परीक्षेत प्रश्न असतो, सपाट माथ्याची भूरूपे कोठे आढळतात? सगळे जण आफ्रिका लिहितात, अमेरिकेचं वाळवंट लिहितात, हुशार असतील ते पाचगणी लिहितात. खिडकीतला डोंगर कुणी लिहीत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी चिडून अर्धा गुण कापते, आणि मुख्याध्यापक मला समजावतात की उत्तर बरोबरच आहे बाई.

ते भूरूप कसं तयार झालं ते मी नीट सांगते. तापलेला रस थरावर थर साचला, वरचा थर टणक काळा कातळ झाला, खालचा मऊ राहिला. पाण्यानं कडा झिजल्या, पण वरच्या कातळानं टोपी घातल्यासारखा माथा राखला. इतकं परीक्षेला पुरतं. एक गोष्ट मात्र मी कधी शिकवलेली नाही. ती अशी, की या डोंगरावर चढलं की डोंगर नाहीसा होतो. खालून तो एवढा मोठा दिसतो आणि वर पोचलं की पायाखाली नुसता माळ. चार पावलं कडेपासून आत गेलं की गाव दिसत नाही, दरी दिसत नाही, आपण उंचावर आहोत हेही कळत नाही. कुसळी गवत, सीताफळीची झुडपं आणि आभाळ. दुरून डोंगर साजरे ही म्हण आमच्या गावात कुणी वापरत नाही, कारण आमचा डोंगर फक्त दुरूनच असतो.

माझं गाव या डोंगराच्या पायथ्याला आहे. शाळेसाठी मी भोकरदनला राहते, शनिवारी दुपारी गावी जाते. घरी माझी माय असते. एकटीच असते. माझ्याकडे राहायला ये म्हणून मी दर शनिवारी तिच्याशी भांडते आणि रविवारी हरून परत येते. ती घर सोडायची नाही, कारण घराच्या अंगणातून डोंगराची खांड दिसायची. खांड म्हणजे कड्याला पडलेली खाच. आमच्या बाजूनं तेवढ्या एकाच ठिकाणाहून वर जायची आणि खाली यायची वाट होती.

ती खांड का बघत बसायची हे सांगायचं तर मोठीमायपासून सांगावं लागेल. मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्याची बायको, मायची जाऊ. दोघींचं असं जमायचं की गावाला ते खुपायचं. दसरा झाला की डोंगरावर सीताफळं तयार व्हायची आणि दोघी रोज वर जायच्या. दुपार कलली की माय पहिली पाटी घेऊन खाली यायची, मोठीमाय दुसरी पाटी भरायला वर राहायची. दिवस मावळताना ती खांडीत उभी राहून तीन हाका मारायची. खालच्या बाईनं ओ द्यायची आणि अर्ध्या वाटेपर्यंत चढून पाटी घ्यायला जायचं, कारण खांडीतून भरली पाटी एकटीनं उतरवणं अवघड. गावातल्या सगळ्या बायांची हीच रीत होती. एक वर, एक खाली, आणि मधे तीन हाका.

तीनच का, तर एका हाकेला ओ द्यायची नसते म्हणून. माळ एकदाच हाक मारतो, असं आमच्याकडे म्हणत. ओळखीच्या आवाजात मारतो, पण एकदाच. त्याला ओ दिली की ओ देणारा वर जातो आणि परत येत नाही. माणूस असेल तर तो तीनदा मारेल. हे लहान पोरांनाही माहीत असायचं. गल्लीत खेळायला बोलवतानासुद्धा आम्ही एकमेकांना तीनदा हाक मारायचो.

इथे मला माझ्याच लोकांचा राग येतो, तो लिहून टाकते. माझ्या आजोबांच्या पिढीनं बुद्धाचा धम्म स्वीकारला. देव्हारा गेला, अंगात येणं गेलं, देवऋषी दारात यायचा बंद झाला. माझ्या चुलत्यांनी तर अमावस्येला मुद्दाम स्मशानाच्या वाटेनं जाऊन दाखवलं होतं. पोरींना शिकवलं, मला इथवर आणलं. सगळं सोडलं आणि ही एक हाक तेवढी राहून गेली. तिला कुणी अंधश्रद्धा म्हणायचंच विसरलं. ती देवाधर्मात मोडत नव्हती, ती कामाची रीत होती ना. कामाच्या रीतीत भूत लपून बसलं ते कुणाला दिसलं नाही.

मी चौथीत होते. सीताफळांचे शेवटचे दिवस होते. आमच्या घरातले दोन्ही पुरुष विहिरीच्या कामावर परगावी गेलेले. माय पहिली पाटी घेऊन खाली आली, तिनं फळं गवतात मांडून ठेवली आणि शेळीची धार काढली. मोठीमाय जाताना म्हणाली होती की जमलं तर पल्याड उतरीन, भावाला फळं देऊन सकाळी येईन. डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याला तिचं माहेर होतं. माळ ओलांडला की माहेर, म्हणून ती त्या माळाला घरचं अंगण समजायची.

दिवस मावळला. खांड काळी झाली. आणि वरून हाक आली, "धाकटे!"

मोठीमाय माझ्या मायला धाकटे म्हणायची. माय उठली आणि ओ द्यायला तोंड उघडलं, पण दिली नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघत ती अंगणात उभी राहिली. दुसरी आली नाही. शेजारची म्हातारी तिच्या ओट्यावरून बघत होती. तिनं विचारलं, किती आल्या? माय म्हणाली, एकच. म्हातारी म्हणाली, मग आत जा आणि दार लाव. मायनं दार लावलं.

मी ती हाक ऐकली होती का, हे मला आता सांगता येत नाही. मायच्या तोंडून ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की माझ्या कानात तो आवाज आहे. तो खरा की नंतर आलेला, कोण जाणे.

सकाळी पल्याडच्या गावाहून मोठीमायचा भाऊ काही कामानं आला आणि ती तिकडे गेलीच नव्हती हे कळलं. लोक वर धावले. पाटी माळाच्या मधोमध एका पळसाखाली होती, फळं भरलेली. मोठीमाय तिथून बरीच अलीकडे, कड्याच्या जवळ गवतात होती. पाय मांडीपर्यंत सुजून काळा पडला होता. फुरसं चावलं होतं. ते सीताफळीच्या मुळाशी दगडात बसतं आणि दिसत नाही. पाटी टाकून ती खांडीकडे निघाली होती आणि खांड थोडक्यात राहिली होती. घोंगडीत घालून तिला खाली आणलं. ती जिथे सापडली तिथे लोकांनी दगड रचले.

मायला कुणी बोल लावला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक समजतात की गावानं टोचून टोचून बाईचा जीव घेतला असेल. तसं झालं नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं, एका हाकेला कोण ओ देतं? मोठा चुलता, ज्याची बायको गेली, तोसुद्धा हेच म्हणाला. तो अमावस्येला स्मशानातून जाणारा माणूस. आणि मायनंही स्वतःला तेच सांगून सांभाळलं. ती मला म्हणायची की मोठीमायनंच तिला ही रीत शिकवली, नवी नवरी होती तेव्हा. ज्या बाईनं रीत शिकवली ती एकदा हाक मारून गप्प कशी बसेल? ती असती तर तिनं तीन मारल्या असत्या. एकच आली म्हणजे ती नव्हती. या एका वाक्यावर माझी माय इतकी वर्षं जगली.

पण जगली म्हणजे कशी, तर रोज दिवस मावळताना अंगणात खांडीकडे तोंड करून बसायची. शेजारचं कुणी लग्नाला बोलवायला आलं तरी त्या वेळेला उठायची नाही. मी भूगोल शिकले तेव्हा तिला कोण आनंद झाला. तिला वाटलं, आता घरात डोंगराचं कळणारं माणूस आलं. ती मला आडून आडून विचारायची, वरून हाक मारली तर खाली किती ऐकू येते, वारा आवाज उचलतो का. मी उडवून लावायचे. म्हणायचे, आमच्या पुस्तकात आवाज नाही माय, आवाज विज्ञानाच्या बाईंकडे.

गेल्या वर्षी रस्त्याचं काम निघालं. मोठा रस्ता आहे, त्याला मुरूम लागतो, आणि मुरूम आमच्या डोंगराच्या पोटात आहे. पोकलेन आलं, हायवा गाड्यांची रांग लागली. डोंगर खालून खाल्ला की वरचा कातळ आपोआप कोसळतो. फळ्यावर मी शिकवते तेच, फक्त लाख वर्षांचं काम एका उन्हाळ्यात. या दिवाळीच्या आधी मशीन खांडीच्या पायथ्याला पोचलं. तिथल्या मुकादमानं सांगितलं की आठ-पंधरा दिवसांत ही बाजू राहणार नाही.

त्या शनिवारी मी घरी गेले तर मायनं चहासुद्धा विचारला नाही. म्हणाली, "मला वर जायचंय."

तिचे गुडघे असे आहेत की ती ओटा उतरताना भिंत धरते. मी तसं म्हटल्यावर तिनं स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग तू जा. ती जिथून चालत आल्ती तिथून हाक मार. मी इथं बसून ऐकते. एकदा ऐकू दे मला, मंग डोंगर जाऊ दे नाही तर राहू दे."

मी समजावलं की त्यानं काय कळणार, वारा रोज वेगळा असतो. तिनं ऐकलं नाही. आणि मी वळल्यावर तिनं मागून सांगितलं, "माय म्हणू नको. धाकटे म्हण."

त्या दिवशी पोकलेनचा पट्टा तुटला होता म्हणून डोंगर शांत होता. मी खांडीतून चढले. वाट अर्धी मुरमात गेली होती, हाताला माती लागत होती. वर पोचले आणि नेहमीप्रमाणे डोंगर नाहीसा झाला. सूर्य पार खाली गेलेला. मी पळसाकडे चालत गेले. तो पळस अजून आहे, वठलेला. वाटेत टिटवी उठली आणि ओरडत डोक्यावरून फिरत राहिली. मी शाळेत पोरांना भुताखेतांवरून रागावणारी बाई, आणि माझ्या पाठीला काटा आला. मागं वळून पाहिलं तर आले ती कड कुठली तेच समजेना. सगळीकडे सारखं गवत, सगळीकडे सारखं आभाळ. त्या माळावर माणसाला कुठलीच बाजू नसते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मोठीमायला त्या पायानं, अंधार पडताना, नुसती खांड शोधायला किती कष्ट पडले असतील. मला रडू आलं. तिच्यासाठी मी लहानपणी रडले होते की नाही ते आठवत नाही, त्या दिवशी मात्र रडले.

पळसाखाली उभी राहून मी पहिली हाक मारली. धाकटे. स्वतःच्या आईला धाकटे म्हणताना जीभ अडखळली, पण मारली, घसा फुटेस्तोवर. आवाज तोंडातून निघाला आणि गेला. कशाला आपटला नाही, कुठून परत आला नाही. मग मी कड्याच्या दिशेनं अंदाजानं चालायला लागले, जखमी माणूस चालेल तशी हळू, आणि अर्ध्यात थांबून दुसरी मारली. तीही तशीच गेली. मग रचलेले दगड दिसले. त्यांच्यापलीकडे गवत संपतं आणि कडा सुरू होतो. दगडांजवळ उभी राहून मी तिसरी मारली. या वेळी समोर दरी होती. आवाज खाली पडल्याचं मला कळलं.

मी कान देऊन थांबले. खालून काहीच आलं नाही. आमच्या घराचा दिवा दिसत होता, एवढासा.

उतरता उतरता मला सगळं दिसलं. आणि मी शहाणी, इतकी वर्षं पट्टीनं तोच डोंगर काढणारी. फळ्यावर ती आडवी रेघ मी किती सहज ओढते, आणि त्या रेघेवर आत उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज खाली कसा येणार, हे कधी मनात आलं नाही. मधोमध मारलेली हाक माळावरच राहते. कड्यावर पोचेल ती एकच खाली पडते. मोठीमायनं रीत मोडली नव्हती. तिनं तीन मारल्या होत्या. कदाचित तीनपेक्षा जास्त. आणि शेवटची तेवढी पोचली होती, आणि ती मारल्यावर तिच्यात आणखी एका हाकेचं बळ नव्हतं.

खाली येईपर्यंत मी ठरवलं की खोटं बोलायचं. मायला एक हाक ऐकू आली असेल, तर मी सांगणार की एकच मारली. म्हणजे तिचं वाक्य तिच्याजवळ राहील. ती म्हातारी आहे, तिला आता खरं घेऊन काय करायचंय?

माय अंगणात उभी होती. भिंत न धरता.

"एक आली," ती म्हणाली. "किती मारल्या?"

"एकच," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. दिवा तिच्या मागं होता, तोंड दिसत नव्हतं. मग अगदी हळू म्हणाली, "खोटं बोलू नको. तू इथलीच हायेस. इथलं माणूस एकदा हाक मारतच न्हाई."

तिला माझं उत्तर नकोच होतं. ज्या वाक्यावर ती जगली, तेच तिनं माझ्यावर लावलं होतं, आणि लावताना तिला ते बरोबर उलटं कळलं होतं, की एकच ऐकू आली म्हणजे एकच मारली असं नाही. ती खाली बसली. मी तिच्याजवळ बसले. तिचा हात हातात घेतला.

मग तिनं विचारलं, "मी ओ दिली होती. तुला ऐकू आली का?"

मी नाही म्हणाले. या वेळी खरं बोलले. ती म्हणाली की म्हणजे तेव्हा दिली असती तरी मोठीमायला ऐकू गेली नसती. मी घाईनं होकार दिला, की तेच तर माय, तिला कळलंच नसतं. मला वाटलं, एवढा आधार तिला पुरेल.

"पण ओ दिली असती तर मी वर गेले असते," माय म्हणाली.

नंतर ती रडली. मोठीमाय गेली तेव्हा रडली होती त्यापेक्षा जास्त असेल. मी तिला थांबवलं नाही. लोक म्हणतात की खरं कळलं की मन हलकं होतं. मी तसं काही पाहिलं नाही. माझ्या मायचं मन हलकं झालं नाही. तिचं इतकं झालं, की ती वाट बघायची थांबली.

खांड आता नाही. तिथे मुरमाची तांबडी भिंत आहे आणि वरचा कातळ छपरासारखा पुढं आलाय, एक दिवस तोही पडेल. नवा रस्ता छान झालाय. शाळेतून घरी यायला मला पूर्वीपेक्षा निम्मा वेळ लागतो, तेव्हा तोंड वर करून मी काय बोलणार. या वर्षी फळ्यावर तो डोंगर काढताना मी आडव्या रेघेवर एक ठिपका दिला आणि पोरांना विचारलं, इथून हाक मारली तर खाली ऐकू येईल का? कुणीतरी विचारलं की हे परीक्षेला आहे का. मी म्हणाले, नाही, पण लक्षात ठेवा.

माय मात्र बदलली. आता ती पहिल्याच हाकेला ओ देते. भाजीवाला ओरडला, कुणी बकरीला हाक मारली, शेजारची सून पोरावर खेकसली, तरी ही आतून ओ म्हणते. गल्लीतली पोरं मजा करतात, मुद्दाम एकदाच हाक मारून पळतात. ती प्रत्येक वेळी ओ देते आणि दारापर्यंत येते. मी चिडले तर म्हणते, येऊ दे ना, माझं काय जातंय.

गेल्या शनिवारी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. दिवस मावळला होता. कुणी हाक मारली नव्हती. हाक मारून पळणारं पोरही गल्लीत नव्हतं, मी नंतर जाऊन पाहिलं. माय ओसरीवर बसली होती, मला आतून दिसत होती. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, डोंगराकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "ओ. आले गं."

मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून दारात आले. ती ओटा उतरून गेली होती, आणि भिंत न धरता अंगणातून पुढं चालली होती.